पियानो न येणारा बेर्लिओझ एवढा मोठा संगीतकार कसा झाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी आपलं शास्त्रीय संगीत ऐकत वाढलेल्या माणसाला एक्तोर बेर्लिओझ ऐकायचा आहे. या फ्रेंच माणसाला पियानोसुद्धा वाजवता येत नव्हता, असं त्याच्या वाचनात आलं. मग तो सिम्फनी लिहिणारा आणि ऑर्केस्ट्रा चालवणारा एवढा मोठा माणूस कसा ठरला, आणि त्याला ऐकायला सुरुवात कुठून करायची?

मी तीसेक वर्षं व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खर्जाकडचं वाद्य) वाजवतो आणि शिकवतो, त्यामुळे मी बेर्लिओझ पाहिला तो ऑर्केस्ट्राच्या मधल्या खुर्चीवरून. उत्तरही तिथूनच देतो. नावाबद्दल आधी सांगतो, शेवटचा ‘झ’ उच्चारायचा. फ्रेंच नावाचं शेवटचं अक्षर खायचं असतं असं कुठेतरी ऐकून पुष्कळ जण ‘बेर्लिओ’ म्हणतात. ते चूक.

आता पियानो. माझ्या मते त्याला पियानो येत नव्हता, म्हणूनच तो बेर्लिओझ झाला. जन्म ११ डिसेंबर १८०३, ल्यों आणि ग्रनोबल यांच्या मधल्या ला कोत-सेंत-आंद्रे नावाच्या लहानशा गावात. वडील डॉक्टर, चांगले वाचलेले, नव्या विचारांचे. सुया टोचून उपचार करण्याच्या चिनी पद्धतीवर युरोपात अगदी सुरुवातीला लिहिणाऱ्यांपैकी एक. मुलाला त्यांनी बासरी शिकू दिली, गिटार शिकू दिली, पियानो मात्र नाही. त्या काळात बहुतेक संगीतकार पियानोपुढे बसून रचना करत. दहा बोटांत मावेल ते आधी सुचायचं, मग त्यावर व्हायोलिन, क्लॅरिनेट, हॉर्न यांचे कपडे चढवायचे. बेर्लिओझला ही वाट बंदच होती. त्याला सुचायचं तेच मुळी एखाद्या वाद्याच्या आवाजात. पुढे आठवणी लिहिताना त्याने म्हटलंय की पियानो येत नाही याची कधी कधी चुटपुट लागते, पण पियानोवर रोज किती सपक संगीत पैदा होतं ते पाहिलं की आपण सुटलो असंच वाटतं. गिटार मात्र त्याने सोडली नाही. त्याची आणि त्या काळचा नामवंत व्हायोलिनवादक पागानिनी याची सही असलेली एक गिटार आजही पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे.

तुम्ही गाणं ऐकणारे, म्हणून एक तुलना करतो, तिच्यावर फार भार मात्र टाकू नका. तोच पंचम तानपुऱ्यावर, सारंगीवर आणि बासरीवर आपल्याला एकच वाटत नाही. बेर्लिओझ जर्मन मंडळींपेक्षा वेगळा वाटतो तो इथे. त्याच्या स्कोअरमधली, म्हणजे सगळ्या वाद्यांचं संगीत एकत्र लिहिलेल्या वहीतली, एखादी ओळ ओबोकडून काढून क्लॅरिनेटला द्या, अर्थच बदलतो.

उदाहरण घ्या. ‘सिम्फनी फान्तास्तिक’मधला तिसरा भाग, शेतातलं दृश्य. सुरुवातीला एक मेंढपाळ सूर काढतो. ते कोर आंग्लेवर, म्हणजे ओबोच्या थोरल्या, जरा घोगऱ्या भावावर. दुसरा मेंढपाळ लांबून उत्तर देतो; तो ओबोवाला स्टेजवर नसतोच, पडद्यामागे किंवा बाहेरच्या व्हरांड्यात उभा असतो. सव्वा तास चालणारा भाग नाही हा, पंधरा-सोळा मिनिटांचा आहे, पण शेवट येईतो संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. आणि शेवटी पहिला मेंढपाळ पुन्हा साद घालतो. ओबो गप्प. उत्तर येतं ते लांबच्या गडगडाटाचं, चार वादकांनी टिंपनीवर हलक्या हाताने वाजवलेलं. ढोलावर स्वरसंघात! काठ्यांच्या टोकाला स्पंज लावा, हेही स्कोअरमध्ये लिहिलेलं. पहिल्यांदा मी हे स्टेजवर बसून ऐकलं तेव्हा माझा पुढचा बार (ठेक्याचं एक आवर्तन) मोजायचा राहिला आणि स्टँडवरच्या जोडीदाराने बोने, म्हणजे गजाने, माझा पार्ट (माझ्या वाद्यापुरतं लिहिलेलं संगीत) टोचून मला जागं केलं.

त्या सिम्फनीमागची गोष्ट सगळे सांगतात, मीही सांगतो, कारण ती खरी आहे आणि नाटकी आहे. वडिलांनी १८२१ मध्ये त्याला वैद्यकी शिकायला पॅरिसला धाडलं. शवविच्छेदनाच्या खोलीत पहिल्याच दिवशी त्याने जे पाहिलं त्याने तो खिडकीतून उडी मारून पळाला. फुफ्फुसांच्या तुकड्यांवरून भांडणाऱ्या चिमण्या आणि कोपऱ्यात मणके कुरतडणारे उंदीर, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. मग ऑपेराच्या रांगा, ग्लुक या ऑपेराकाराचं वेड, कॉन्झर्व्हात्वार या पॅरिसच्या संगीत विद्यालयाचं वाचनालय. घरून पैसे कधी यायचे, कधी बंद व्हायचे. ११ सप्टेंबर १८२७ रोजी ओदेओं नाट्यगृहात इंग्लंडहून आलेल्या मंडळीने ‘हॅम्लेट’ केलं. ऑफिलियाच्या भूमिकेत हॅरिएट स्मिथसन ही आयरिश नटी. बेर्लिओझला इंग्रजी येत नव्हतं. तरी त्या एका रात्रीत तो शेक्सपिअरच्या आणि हॅरिएटच्या प्रेमात पडला, आणि दोन्ही प्रेमं जन्मभर त्याच्या मानगुटीवर बसली. पुढच्याच वर्षी त्याने कॉन्झर्व्हात्वारच्या सभागृहात बेथोव्हेनच्या सिम्फनी ऐकल्या. शेक्सपिअर, बेथोव्हेन आणि ओळखही नसलेली बाई, या तिन्हीचं मिळून जे झालं ते ५ डिसेंबर १८३० रोजी पॅरिसमध्ये वाजलं. बेथोव्हेनला जाऊन चार वर्षंही झाली नव्हती, हे ध्यानात घेऊन ती सिम्फनी ऐका.

पाच भाग आहेत. एका तरुण कलावंताला प्रेमाने पछाडलंय. तो अफू घेतो, मरत नाही, पण भलतीसलती स्वप्नं पाहतो. प्रेयसीची एक धून आहे, तिला बेर्लिओझ ‘इदे फिक्स’ म्हणतो, म्हणजे डोक्यातून न जाणारा विचार. पहिल्यांदा ती व्हायोलिन आणि बासरी एकत्र वाजवतात, खाली बाकीचे तंतुवाद्यवाले काळीज धडधडावं तसे तुटक ठोके देतात. पुढे ती प्रत्येक भागात येते. नाचाच्या भागात वॉल्ट्झच्या गर्दीत दिसते. चौथ्या भागात कलावंताने प्रेयसीला मारलंय आणि त्याला गिलोटिनकडे नेतायत. शेवटी एकटा क्लॅरिनेट ती धून धरतो, चार बार जेमतेम होतात, आणि अख्खा ऑर्केस्ट्रा एका फटक्यात ती कापून टाकतो. लगेच आम्ही तंतुवाले बोटाने तार छेडून दोन स्वर खाली टाकतो. डोकं टोपलीत पडलं. पाचव्या भागात चेटकिणींचा मेळा, आणि तीच धून आता किरट्या आवाजाच्या लहान क्लॅरिनेटवर, चाळे करत, नाचरी होऊन येते. आमच्यातल्या कुणाला यात रागाची पकड आठवेल. पण पकडीमुळे राग ओळखू येतो आणि रागाचा तोल जात नाही. इथे धून ओळखू येते आणि तिची अब्रू जाते.

एक गमतीची तपशीलवार गोष्ट: ती धून त्याने हॅरिएटसाठी शोधलेलीच नव्हती. दोन वर्षं आधी रोमच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या एका रचनेतून उचललेली आहे. ‘सुळाकडे कूच’ हा चौथा भागसुद्धा एका सोडून दिलेल्या ऑपेरातून आलाय. त्यामुळे सगळी सिम्फनी म्हणजे प्रेमपत्र, असं मानून बसू नका. कसलेला गवंडी जुन्या वाड्याचे चिरे नव्या घरात बसवतो, तसं आहे ते.

हॅरिएटशी त्याचं लग्न झालं, १८३३ मध्ये, पियानोवादक फ्रान्झ लिस्ट साक्षीदार होता. ते लग्न टिकलं नाही. यावर मी जास्त लिहीत नाही. लोक त्यातच अडकतात आणि संगीत राहून जातं.

आता कंडक्टर, म्हणजे ऑर्केस्ट्रा चालवणारा बेर्लिओझ. हा भाग माझ्या जास्त जिव्हाळ्याचा, कारण त्याची सुरुवात माझ्या वाद्यापासून होते. पागानिनीकडे एक उत्तम स्त्रादिवारी व्हायोला होता आणि त्यावर वाजवायला साजेसं काही नव्हतं. त्याने बेर्लिओझला सांगितलं, लिहून द्या. पहिला भाग पाहिल्यावर मात्र तो नाराज झाला: यात माझे विराम फार, मला सतत वाजवायला हवं. बेर्लिओझने कॉन्चेर्तो (एक वाद्य पुढे, ऑर्केस्ट्रा साथीला) सोडून दिला आणि व्हायोला एकटा हिंडतोय, ऑर्केस्ट्राचं जग त्याच्याभोवती चाललंय, अशी सिम्फनी केली: ‘हॅरल्ड इटलीत’. २३ नोव्हेंबर १८३४ रोजी ती पहिल्यांदा वाजली, कंडक्टर होते नार्सिस जिरार. यात्रेकरूंच्या कूचचा भाग लोकांना आवडला, पुन्हा वाजवा म्हणाले. दुसऱ्या वेळी हार्पवाल्याने बार मोजण्यात चूक केली आणि तो हरवला. जिरारना त्याला परत आणता येईना. शेवटी त्यांनी ओरडून सगळ्यांना शेवटच्या स्वरसंघातावर उडी मारायला लावली, मधले पन्नासेक बार गिळून. बेर्लिओझने त्या दिवशी ठरवलं की यापुढे आपलं संगीत आपणच चालवायचं.

हे वाचायला किरकोळ वाटेल, पण तेव्हा कंडक्टर ही आजच्यासारखी वेगळी जात नव्हती. पॅरिसचा सर्वांत मोठा कंडक्टर हाबनेक हातात व्हायोलिनचा बो घेऊन, समोर पूर्ण स्कोअर नसून पहिल्या व्हायोलिनचा पार्ट ठेवून ऑर्केस्ट्रा चालवायचा. बेथोव्हेन त्याने पॅरिसला ऐकवला, तेही उत्तम, त्यात शंका नाही. पण बेर्लिओझच्या स्कोअरमध्ये गंमत पहिल्या व्हायोलिनकडे नसते, ती तिसऱ्या हॉर्नकडे किंवा आम्हा व्हायोलावाल्यांकडे असते. पहिल्या व्हायोलिनच्या पार्टवरून ते चालवणं म्हणजे पखवाजाचा ठेका न ऐकता धमार धरण्यासारखं.

५ डिसेंबर १८३७ रोजी सैनिकी स्मारक असलेल्या अँव्हालीदच्या चर्चमध्ये त्याचा ‘रेक्विएम’ (मृतांसाठीची प्रार्थना) झाला, अल्जीरियात पडलेल्या जनरल दामरेमों यांच्यासाठी. त्यात ‘तुबा मिरुम’ नावाचा भाग आहे: मुख्य गायकवृंदाच्या चारही कोपऱ्यांना ब्रासचे, म्हणजे पितळी फुंकवाद्यांचे, चार जथे, आणि टिंपनींच्या आठ जोड्या. लय अचानक दुप्पट रुंद होते आणि त्याच क्षणी चारही जथ्यांना आत घ्यायचं असतं. बेर्लिओझ सांगतो की नेमक्या त्या बारला हाबनेकने काठी खाली ठेवली आणि शांतपणे तपकिरीची चिमूट काढली. मागे उभा असलेला बेर्लिओझ झेप घेऊन पुढे आला, हात लांब केला आणि नव्या लयीचे चार ठोके दिले. हा किस्सा त्याच्याच आठवणींतला आहे, आणि गोष्ट रंगवण्यात तो कमी नव्हता, म्हणून मी शब्दन् शब्द धरत नाही. पण तो बार चालवून पाहिलेला कुणीही सांगेल की तिथे अर्धा सेकंद चुकला तरी चारी कोपरे चार दिशांना जातात.

या सगळ्या अनुभवातून त्याने पुढे चक्क शास्त्र बांधलं. १८४४ च्या सुमाराला वाद्यवृंदलेखनावरचा त्याचा मोठा ग्रंथ आला. कुठलं वाद्य कुठल्या पट्टीत काय बोलतं, कुठे गुदमरतं, सगळं उदाहरणांसकट. त्यात व्हायोलावर एक परिच्छेद आहे तो मी प्रत्येक विद्यार्थ्याला वाचून दाखवतो: व्हायोलिनवर ज्यांचं काही होत नाही त्यांना व्हायोलावर ढकलण्याची रीत वाईट आहे, हे त्याने तेव्हा सांगितलं. रीत अजून पुरती गेलेली नाही. १८५५ च्या आवृत्तीत त्याने कंडक्टरवर वेगळं प्रकरण जोडलं. दोन, तीन, चार मात्रा हवेत कशा दाखवायच्या याच्या आकृत्या, तंतुवाद्यांची रिहर्सल वेगळी, फुंकवाद्यांची वेगळी आणि मग सगळ्यांची एकत्र, गायकवृंद पडद्यामागे असेल तर ठोका त्यांच्यापर्यंत कसा पोचवायचा. त्यासाठी ब्रसेल्सच्या एका कारागिराने केलेला विजेवर चालणारा मेट्रोनोम त्याने वापरला होता: उजव्या हातात काठी, डाव्या बोटाखाली कळ, आणि तारेतून तो ठोका लांबच्या उपकंडक्टरांपुढे. साल १८५५! आज आमच्याकडे पडद्यामागच्या ओबोवाल्यासाठी छोटा कॅमेरा आणि स्क्रीन लावतात, तेव्हा मला हमखास ही कळ आठवते.

पॅरिसने मात्र त्याला नीट भाकरी दिली नाही. १८३८ मध्ये त्याचा ‘बेन्वेनुतो चेलिनी’ ऑपेरा पडला. त्याच डिसेंबरात पागानिनीने ‘हॅरल्ड’ पहिल्यांदा ऐकला, खुद्द बेर्लिओझ चालवत होता. घशाच्या आजाराने पागानिनीचा आवाज गेला होता. तो स्टेजवर येऊन सगळ्यांसमोर गुडघे टेकून बसला आणि दोन दिवसांनी त्याने वीस हजार फ्रँकची चिठ्ठी पाठवली. त्या पैशावर बेर्लिओझने निवांत बसून ‘रोमिओ आणि ज्युलिएत’ लिहिली. असे दिवस थोडे. एरवी तो वर्तमानपत्रात संगीतसमीक्षा लिहून घर चालवायचा, आणि त्या कामाचा त्याला मनस्वी तिटकारा होता. लिहायचा मात्र असा की आजही वाचताना हसू आवरत नाही. सगळंच पटतं असं नाही. चिनी आणि भारतीय संगीताबद्दल त्याने जे तुच्छतेने लिहिलंय ते वाचून राग येतो. कान एवढा तिखट, पण आपल्या कुंपणापलीकडे तो गेलाच नाही.

१८४६ च्या डिसेंबरात ‘फाउस्टची अधोगती’ अर्ध्या रिकाम्या थिएटरात वाजली आणि तो कर्जात बुडाला. ते कर्ज फेडलं रशियाने. पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गला त्याने मैफली केल्या आणि खिसा भरून परतला. जर्मनी, प्राग, व्हिएन्ना, पेस्ट (आजच्या बुडापेस्टचा भाग), लंडन, सगळीकडे त्याला कंडक्टर म्हणून मान होता. लाइपझिगमध्ये संगीतकार मेंडेल्सोनबरोबर त्याने कंडक्टरच्या काठ्यांची अदलाबदल केली. १८५२ मध्ये लंडनला त्याने चालवलेल्या बेथोव्हेनच्या नवव्या सिम्फनीची फार वाहवा झाली.

पैशाचं गणित संगीतात कसं घुसतं याचा एक प्रसंग त्याने लिहून ठेवलाय, तो मला त्याच्या सगळ्या प्रेमप्रकरणांपेक्षा जास्त लागतो. एका रात्री त्याला स्वप्नात सिम्फनी सुचली. सकाळी पहिला भाग जवळजवळ पुरा आठवत होता, दोन मात्रांचा, ए मायनरमध्ये. तो टेबलाशी गेला आणि थांबला. लिहायला घेतलं तर तीन-चार महिने जाणार, लेख बंद, उत्पन्न बंद. मग नकलनवीस, पार्ट लिहून घ्यायचे हजारभर फ्रँक, मग मैफलीचा मोह, मग तोटा. वेगळी राहणारी बायको अंथरुणाला खिळलेली, मुलाचा खर्च. त्याने लेखणी खाली ठेवली. दुसऱ्या रात्री तीच सिम्फनी पुन्हा आली. त्याने मन घट्ट केलं, झोपून गेला, आणि सकाळी ती पुसली गेली होती, कायमची.

पुढे त्याने ‘ले त्रोयँ’ लिहिला, व्हर्जिलच्या महाकाव्यावरचा पाच अंकी ऑपेरा. लहानपणी वडिलांबरोबर लॅटिन वाचताना दिदोच्या मरणापाशी त्याचा आवाज फुटायचा नाही, ते देणं त्याने पन्नाशीत फेडलं. १८६३ मध्ये त्याचा फक्त उत्तरार्ध रंगमंचावर आला, तोही कापून. आख्खा ऑपेरा दोन रात्रींत का होईना झाला तो जर्मनीत, कार्ल्सरूहला, १८९० मध्ये. तेव्हा तो जाऊन एकवीस वर्षं झाली होती. एकुलता मुलगा लुई जहाजावर अधिकारी होता. १८६७ मध्ये हवानाला पीतज्वराने गेला. बाप ८ मार्च १८६९ रोजी पॅरिसमध्ये गेला.

ऐकायचं कुठून? सुरुवात ‘फान्तास्तिक’नेच करा, पण पहिल्या दिवशी फक्त चौथा भाग, मग पाचवा, मग दुसरा. पहिला आणि तिसरा शेवटी, सबुरीने. रेकॉर्डिंग शार्ल म्युंशचं बॉस्टनच्या ऑर्केस्ट्राबरोबरचं किंवा कॉलिन डेव्हिसचं घ्या. जॉन एलियट गार्डिनरने जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर केलेलं नंतर ऐका, आणि त्यातलं ऑफिक्लाइड ऐका. त्या खरखरीत पितळी नळ्यांच्या जागी आता ट्युबा येतो आणि चेटकिणी उगाच सभ्य वाटतात. आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनीही न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर ही सिम्फनी रेकॉर्ड केलीय. मग ‘उन्हाळ्यातल्या रात्री’, तेओफील गोतिएच्या कवितांवरची सहा गाणी, जॅनेट बेकरच्या आवाजात. तुम्हाला ओळीवर ओळ, आवाजाचा लगाव ऐकायची सवय आहे, तेव्हा कदाचित ही गाणीच आधी लागतील. ‘रेक्विएम’ इअरफोनवर ऐकू नका, चारही कोपरे एका कानात येतात.

आणि ‘हॅरल्ड’ प्रत्यक्ष पाहायला मिळाला तर सोडू नका. मी तो सोलो आयुष्यात एकदाच वाजवला. शेवटच्या भागात दरोडेखोरांची धुमाळी चालते आणि एकट्या व्हायोलाला जवळजवळ काही काम नसतं. सुरुवातीला मागच्या भागांतल्या धूनी एकेक करून आठवायच्या, प्रत्येक वेळी ऑर्केस्ट्राने तोडायच्या, आणि मग वाद्य खाली धरून उभं राहायचं, मिनिटामागून मिनिट. अगदी शेवटाकडे पडद्यामागून दोन व्हायोलिन आणि चेलो यात्रेकरूंचं कूच वाजवतात, तेव्हा क्षणभर त्यांच्यात मिसळायचं आणि पुन्हा गप्प. मैफल संपल्यावर एक ओळखीचे गृहस्थ आत येऊन हळूच म्हणाले, “काय हो, मधेच पार्ट हरवला होता का?”